आत ओढलेला होकार

१

मंगळवारी आणि शुक्रवारी मुलांची जेवणं उरकून ताटं आत गेली, की शाळेच्या हॉलमधलं एक लांब टेबल मला मिळायचं. त्याला व्हिनेगरचा वास यायचा. मी ते पुसून घ्यायचे, घरून आणलेली आईची जुनी घोंगडी बादलीत बुडवायचे, पिळायचे आणि टेबलावर पसरायचे. मग मुलं येऊन भोवती बसायची. मी गाण्याची ओळ म्हणायचे, मुलं धृपद उचलायची, आणि ठेक्यावर ती ओली घोंगडी टेबलावर आपटून डावीकडच्याकडे सरकवायची. आमच्या बेटावर बायका मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड असंच कुटायच्या, म्हणजे वीण घट्ट बसते आणि वारा आत शिरत नाही. ते काम कधीच यंत्राकडे गेलं. गाणी तेवढी उरली, आणि उरली म्हणून त्यांचा वारसा झाला.

वारसा हा शब्द मुख्याध्यापिका मिसेस लॉरिमर यांचा. जूनमध्ये मुलांची सहल आमच्या लुईस बेटावर जायची होती, आणि त्याच्या तयारीसाठी ग्लासगोची ती अख्खी शाळा स्कॉटलंड शिकत होती. भिंतीवर टार्टनचे चौकडे होते, पुठ्ठ्याचा बॅगपाइप होता, हॅगिसची पाककृती होती, आणि तळ्यातला तो राक्षसही होता. ते तळं आमच्यापासून समुद्रापलीकडे आहे, पण कोण सांगत बसणार? या सगळ्यांच्या जोडीला मी, एफी मॅकआयव्हर, आमच्या बेटाच्या गेलिक भाषेची फिरती शिक्षिका. मला भिंतीवर टाचली नाही एवढंच नशीब. वारसा म्हणजे खरं तर मेलेल्याच्या घरातलं सामान. माणूस अजून श्वास घेत असतानाही वाटणी सुरू होऊ शकते, हे त्या वसंतात कळलं. तेव्हा मात्र मी मुकाट्याने टेबल पुसत होते.

मुलं वाईट नव्हती. डेक्लन नावाचा एक लाल केसांचा मुलगा होता, त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मिस, पूर्वी हे कापड मुतात भिजवायचे, खरंय?"

"खरंय. घरात साठवून ठेवायचे त्यासाठी."

"मग मिस, पाणी कशाला वाया घालवता? आम्ही आहोत ना!"

हॉल हसून हसून लोळला. मीही हसले. हसली नाही ती मोरव्हेन टेनंट. ती बोलताना अडखळायची, इतकी की वर्गात तिने तोंड उघडणंच सोडलं होतं. हजेरीला ती नुसता हात वर करायची.

आमच्या भाषेत गाणं म्हणत नाहीत, गाणं घेतात. "एक गाणं घे गं," असं म्हणतात. म्हणून मी ओळ म्हणून झाली की मुलांना गेलिकमध्ये सांगायचे, "घ्या." तेवढा शब्द त्यांना पहिल्या दिवसापासून कळायचा.

ईस्टरची सुट्टी संपल्यावरच्या एका मंगळवारी मी हजेरी घेत होते. मोरव्हेनचं नाव पुकारलं. तिने हात वर केला नाही. तिने "हो" म्हटलं, पण ते श्वास आत ओढत म्हटलं. दार किलकिलं झाल्यावर वारा आत येतो ना, तेवढाच आवाज.

मी पेन खाली ठेवलं. आमच्या बेटावरच्या जुन्या बायका असंच हो म्हणतात. होकार बाहेर सोडत नाहीत, आत ओढतात. ग्लासगोला आल्यावर मी ती सवय मोडली, कारण लोकांना वाटायचं मला दम लागलाय. शहरातली मुलं असं कधीच करत नाहीत.

तिला दमा असेल, असं मी ठरवलं. वर्गशिक्षकांना विचारूनही घेतलं. दमा नव्हता.

२

माझी आई मर्डीना नदीच्या दक्षिणेला एका वृद्धाश्रमात होती. बेटावर एकटी असताना दोनदा पडली, म्हणून तिला इकडे आणावं लागलं. डोक्याचा आजार सुरू झाला तेव्हा आधी तिचं इंग्रजी गेलं. जे शाळेत शिकलेलं असतं ते आधी गळतं, आईच्या मांडीवरचं शेवटी, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे त्या एवढ्या मोठ्या इमारतीत तिच्याशी बोलू शकेल असं एकही माणूस नव्हतं. बुधवारी, शनिवारी आणि रविवारी मी जायचे, तेव्हा ती बोलायची.

मला कोणी विचारलं असतं की तुझ्याकडे काय आहे, तर मी तेवढंच सांगितलं असतं. लग्न टिकलं नाही, भाऊ कॅनडात जाऊन इंग्रज झाला, गावातली माणसं एकेक करून गेली. ज्या भाषेत मला लहानपणी रागावलं गेलं, त्या भाषेत मला रागावणारं जगात एकच माणूस शिल्लक होतं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून खालच्या गाड्यांच्या आवाराला खाडी म्हणायचं. सकाळी आवार गाड्यांनी भरायला लागलं की म्हणायचं, भरती आली.

त्या बुधवारी तिथली पोलिश सेविका जोलांटा मला दारातच भेटली. "एफी, आज मूड छान आहे बरं का. खिमा-बटाटे सगळे संपवले."

मी आईजवळ बसले. इकडचं तिकडचं बोलले, डेक्लनचा विनोद सांगितला. ती गालातल्या गालात हसली.

"चहा घेतलास का, आई?"

"हो," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. शब्द बरोबर होता, पण तो बाहेर पडला होता. सपाट, खाली पडल्यासारखा. मी आणखी चार प्रश्न विचारले, मुद्दाम, ज्यांना हो हेच उत्तर आहे असे. चारही वेळा तिने श्वास बाहेर सोडला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी आहे, छातीत जोर राहिला नसेल, असं मी मनाशी म्हटलं. मग मला आठवलं की आत ओढायला जोर लागतच नाही.

३

मे महिना लागला. डेक्लनही तसं हो म्हणायला लागला. मग त्याच्या शेजारचा. मी रागावले तर मुलं भांबावून बघायची, कारण आपण काही वेगळं करतोय हे त्यांना माहीतच नव्हतं. एकमेकांचं ऐकून लागतं, मी म्हटलं. जांभई नाही का लागत?

त्या शुक्रवारी वारा होता. हॉलच्या छताला हवेसाठी एक जुनं धुराडं ठेवलंय, त्यात तो घुमला. लांबलचक, खालच्या पट्टीतला आवाज. मी ओळ विसरून थांबले.

मोरव्हेनने मानही वर केली नाही. ती घोंगडी सरकवता सरकवता गेलिकमध्ये म्हणाली, "टोरमोद आला."

आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून डेक्लन म्हणाला, "पाय पुसून ये म्हणावं त्याला!"

सगळं टेबल हसलं.

टोरमोद आईचा काका. होडी उलटून गेला. आमच्या घरात धुराड्यात वारा घुमला की कोणीतरी म्हणायचं टोरमोद आला, मग दुसरं कोणीतरी म्हणायचं पाय पुसून ये म्हणावं, आणि सगळे हसायचो. ही गंमत आमच्या चार भिंतींतली होती. शेजारच्या घरालासुद्धा माहीत नव्हती.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

मोरव्हेनने माझ्याकडे पाहिलं. "क-क-काय, मिस?" ती इंग्रजीत म्हणाली. इंग्रजीत ती अजून अडखळत होती.

"टोरमोद."

"तुम्हीच, मिस," डेक्लन म्हणाला. "तुम्हीच सांगितलं असणार. नाहीतर आम्हाला कुठून?"

हे पटण्यासारखं होतं. मी शिकवताना बडबडते. घरची आठवण येते, काहीबाही निघून जातं तोंडातून. बसमध्ये घरी जाताना मी स्वतःला बरंच समजावलं. मोरव्हेनची आजी बेटावरची असेल असंही वाटून गेलं. चौकशी केली तर आजी ग्लासगोजवळच्या पेसलीची निघाली, जन्मात समुद्र ओलांडून गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वारा पडला नव्हता. आईच्या खिडकीच्या फटीतून तो शिट्टी घालत होता. मला बरं वाटलं, कारण आता मला खात्री करून घेता येणार होती. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "आई, ऐकलंस का? टोरमोद आला."

आई खिडकीकडे बघत राहिली. मग नम्रपणे, पाहुण्याला विचारावं तसं तिने विचारलं, "कोण टोरमोद?"

४

मी शाळेला कळवलं की घसा बसलाय, पुढचे काही दिवस येत नाही. आजार आईचा आहे, मुलांचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला पूर्ण मान्य होतं. तरी मी गेले नाही. हॉलमध्येही तेव्हा परीक्षेची बाकं मांडली होती, त्यामुळे तो आठवडा टेबल कोणाला मिळणार नव्हतं.

त्या आठवड्यात मी रोज आईकडे गेले, आणि ती बोलली. काय बोलली म्हणून सांगू! खारवलेल्या माशावरून जोलांटाला शिव्या घातल्या, ज्या बिचारीला एक अक्षर कळलं नाही. पाद्रीबाबांच्या घोड्याची गोष्ट सांगितली. माझे केस बघून म्हणाली, मेंढीसुद्धा कातरणाऱ्याकडे वेळेवर जाते. मी मनातल्या मनात नाचत होते. मग शनिवारी बोलता बोलता तिने आवाज खाली आणला.

"दार लाव."

"का गं?"

"पोरं ऐकतायत."

"कुठली पोरं, आई?"

"टेबलाजवळची. तो एक तांबडा आहे ना, सारखा मुताच्या गोष्टी करतो." तिने हात शालीत गुंडाळले. "घोंगडी ओली ठेवू नकोस त्यांची. माझे हात गारठतात."

तांबडा. डेक्लनचा विनोद मी तिला सांगितला होता, हे नक्की. त्याचे केसही सांगितले असतील. तिला हसवायला मी शाळेतलं काय वाटेल ते सांगायचे.

"तू काय म्हणालीस त्यांना?" आईने विचारलं.

"गाणी शिकवली, आई. आपली."

"ते कळलं. म्हणालीस काय?"

"घ्या म्हणाले. आपण म्हणतो तसंच."

आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी चार वर्षांची आहे आणि चुलीत हात घातलाय. "माझ्या घोंगडीवर बसवलंस आणि घ्या म्हणालीस? अगं, परक्या पोरांना ऐका म्हणावं. घ्या आपल्यांना म्हणतात."

"मग आता काय करू?"

"आता काय करणार? पोरांच्या हातात दिलेलं कधी परत मिळालंय?" ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी उठून दार लावलं. बाहेर कोणीही नव्हतं, नुसता लांब बोळ होता आणि धुण्याची गाडी होती.

५

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी आई खुर्चीतून पुढे वाकून कशाकडे तरी बोट दाखवत होती. तोंड हलत होतं. "ते," ती म्हणत होती, "ते... ते..." तिला पेल्यातलं पाणी हवं होतं. पाण्याचा शब्द तिला सापडत नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं. शाळेत जेवणाची ताटं आत गेली असतील. बाकं कालच हलली होती, आणि घोंगडी हॉलच्या कपाटातच होती. मी तशीच उठले आणि टॅक्सी केली.

बाहेर पाऊस होता, त्यामुळे शाळेच्या बोळातले दिवे लावलेले होते. ठोका मला जिन्यावरूनच ऐकू आला. धप, आणि मग कापड सरकल्याचा आवाज, धप, आणि सरकल्याचा. ठेका अगदी चोख होता. मुलांना माझ्यासोबत तो कधीच तसा जमला नव्हता, कोणीतरी नेहमी मागे राहायचं.

ओळ मोरव्हेन म्हणत होती. मी दाराशी थांबून ऐकलं. ते आमच्या लंगड्या कोंबडीवरचं गाणं होतं. आई भांडी घासताना ते स्वतःशी म्हणायची, तिनेच जुळवलेलं होतं, आणि तिला त्याची लाज वाटायची. मी ते कोणाला शिकवलेलं नव्हतं. शिकवू शकलेच नसते, कारण मला त्याची तिसरी ओळ कधी आठवायची नाही. वर्षानुवर्षं मी ती आठवून बघत होते. मोरव्हेनने ती म्हटली. इतकी साधी ओळ होती!

मी दार ढकललं.

आईची डावी करंगळी तरुणपणी मागाच्या दांडीत सापडली होती. ती तेव्हापासून बाहेरच्या बाजूला वळलेली आहे. कप धरला तरी ती वेगळी राहते. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओल्या घोंगडीवर ठेवलेल्या प्रत्येक डाव्या हाताची करंगळी बाहेर वळलेली होती.

मग कोणीतरी मला पाहिलं. "मिस आल्या!" हात सुटले, उचलले गेले, केसांतून फिरले. साधे, शाईने बरबटलेले, नखं कुरतडलेले पोरांचे हात.

मी टेबलाजवळ गेले आणि घोंगडी ओढली. ती कोमट होती. नळाच्या गार पाण्यात बुडवलेली घोंगडी अंगासारखी कोमट होती. मुलांना वाटलं खेळ आहे, त्यांनी दुसरीकडून धरून ठेवली आणि हसायला लागली.

"परत द्या," मी गेलिकमध्ये ओरडले. "परत द्या मला!"

हसणं थांबलं. डेक्लनने हात सोडले. तो घाबरला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर थट्टा अजिबात नव्हती. "मिस," तो म्हणाला, "काय परत द्यायचं? आम्ही काय घेतलंय?" हे सगळं तो गेलिकमध्ये बोलला, एकही चूक न करता. कुठल्या भाषेत बोलतोय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

माझा आवाज ऐकून मिसेस लॉरिमर आल्या. त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या खोलीत नेलं, चहा दिला, कागदी रुमालांचं खोकं पुढे सरकवलं.

"एफी, आईच्या आजारपणाने थकली आहेस तू. कोणीही थकेल."

"हे थांबवा. सहलीला जाऊ द्या त्यांना, पण गाणी नकोत. मेंढ्या बघू देत, जुने दगड बघू देत."

"अगं, काय बोलतेस तू? तू नव्हतीस तरी पोरं कालपासून स्वतःहून बसतायत. आणि मोरव्हेन! तीन वर्षं त्या पोरीने या शाळेत तोंड उघडलं नव्हतं. काल तिच्या आईचा फोन आला, बिचारी रडत होती. पोरगी घरात सबंध वाक्यं बोलते म्हणाली. आईला एक शब्द कळत नाही, पण बोलते ना! आता तू मला सांग, मी तिला जाऊन काय सांगू? बंद कर म्हणू?"

मी काय सांगणार होते? माझी म्हातारी रिकामी होतेय आणि तुमची मुलगी भरतेय, असं सांगायचं? ते वाक्य बोलणाऱ्या बाईला मी स्वतः वेडी म्हटलं असतं. आणि आत कुठेतरी मला त्या मुलीचा इतका राग येत होता, की मला त्याची भीती वाटली. भाषा मरतेय म्हणून मी आयुष्यभर छाती पिटली होती. आता ती एका पोरीच्या तोंडात जिवंत झाली तर मला ती हिसकावून घ्यावीशी वाटत होती.

"घोंगडी मी नेते," मी एवढंच म्हटलं.

"ने की. आपण स्टेजचा जुना पडदा घेऊ. भिजत घोंगडं आणखी किती दिवस ठेवायचं?" मिसेस लॉरिमर आपल्या विनोदावर हसल्या. घोंगडी मी त्या दिवशी नेली. दुसऱ्या दिवसापासून मुलं पडदा कुटायला लागली.

६

आईचे शब्द गेले ते बाजार उठतो तसे. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. काही दिवस तिच्याकडे नुसते "आणि", "पण", "मग" एवढे उरले होते, आणि ती ते एकामागून एक मांडून मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करायची. मी कान देऊन बसायचे. मग तेही गेले. जोलांटा म्हणाली, तिच्या आजीचं असंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, अपेक्षेप्रमाणेच चाललंय. दोघंही बरोबर असतील. मी त्यांच्याशी भांडले नाही.

सहलीच्या दिवशी मी शाळेत गेले नाही. माझ्या जागी इतिहासाच्या सरांना पाठवलं गेलं. मी आईला चाकांच्या खुर्चीत बसवून खिडकीशी नेलं आणि तिच्याशी बोलत राहिले. आता बस उत्तरेला लागली असेल, आई. आता उल्लापूलचा धक्का. आता बोटीत चढत असतील, तुला नेहमी लागायची त्या बोटीत. ती माझ्याकडे बघायची, पण नुसतं बोलणाऱ्या तोंडाकडे बघतात तसं. तिने माझ्या स्वेटरची बाही मुठीत धरली होती. शब्द गेल्यापासून ती तेवढं करायची, बाही धरून ठेवायची. खाली गाड्या आल्या, गाड्या गेल्या. तिला त्यांचं काही नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड अजून भरपूर असताना, मिसेस लॉरिमरांचा फोन आला. मागे चमच्यांचा, कपबशांचा आणि माणसांचा गलका होता. आमच्या गावच्या सभागृहात चहापाणी चालू होतं.

"एफी! तू हवी होतीस गं इथे! म्हातारी माणसं रडतायत अक्षरशः. एक आजोबा आहेत, ते मोरव्हेनचा हात सोडायला तयार नाहीत. ही कोणाची मुलगी म्हणून सारखं विचारतायत. म्हटलं टेनंटांची, ग्लासगोची. ते मानच हलवतात. थांब, तिलाच देते, तिला तुझ्याशी बोलायचंय."

मी फोन ठेवून द्यायला हवा होता. आई माझ्या शेजारी होती, माझी बाही तिच्या मुठीत होती.

फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला. मग कोणीतरी चालत सभागृहाबाहेर आलं. गलका मागे पडला आणि वारा ऐकू यायला लागला.

"एफी?"

ती मिस म्हणाली नाही. आवाज मोरव्हेनचाच होता, चौदा वर्षांच्या मुलीचा, पातळ.

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"गप्प का गं? रडत होतीस? आधी नाक पूस, मग बोल."

मी नाक पुसलं.

"वाटलंच मला. तू लहानपणापासून अशीच, काही झालं की मुसमुसायचं आणि जवळ कोणाला येऊ द्यायचं नाही. हे बघ, इथे घराची पार रया गेलीय. मागच्या वाफ्यात कोणी बटाटे लावलेले नाहीत, नुसतं तण माजलंय. खिडकीला कुठला रंग दिलाय मेल्यांनी, बघवत नाही. तुझ्या भावाला काही अक्कल नाही आणि तुला वेळ नाही."

"नव्हता वेळ," मी म्हणाले. त्या भाषेत मला कोणी उत्तर देऊन किती दिवस झाले होते! माझाच आवाज मला परका वाटला. "शाळा असते ना."

"शाळा असते. नेहमीचंच तुझं. बरं, ते जाऊ दे. काय काय झालं ते सांग मला सगळं."

वारा वाढला आणि तिचं पुढचं वाक्य तुटलं. त्या खोलीत फोनला नीट रेंज मिळत नाही, दाराबाहेर बोळाच्या टोकाला तेवढी मिळते. "थांब," मी म्हटलं, "ठेवू नकोस, तिथेच थांब." मी उठले. बाही अडकली होती. म्हातारीची मूठ घट्ट होती, माझ्याकडे बघत ती घशातून काहीतरी आवाज काढत होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि बोळात जाऊन दार ओढून घेतलं, म्हणजे नीट ऐकू येईल.